कालचं, खरं आणि ओळखीचं

आमच्या शाळेत शिक्षक दोन. एक मी, नेमसिंग, मुख्याध्यापक; दुसऱ्या मोहिनीबाई. मी रोज हिंगोलीहून मोटरसायकलवर ये-जा करतो, त्यामुळे माझी कंबर आणि स्वभाव दोन्ही वाकडे झालेले आहेत. बाई डोंगरकडा गावात खोली करून राहतात आणि तिथून आमच्या वाडीवर येतात. त्यांना नोकरी लागून दोनच वर्षं झालीत. नवी म्हैस खुंटा हलवून बघते तशा त्या आल्या दिवसापासून शाळेतली एकेक गोष्ट हलवून बघत होत्या. प्रार्थनेची वेळ बदलली, फळा खाली घेतला, आणि शेवटी त्यांनी व्याकरणाला हात घातला.

माझ्या मते व्याकरण ही फळ्यावर लिहायची, पाठ करून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरायची गोष्ट आहे. मला तसंच शिकवलं आणि माझं काही अडलं नाही. बाईंनी काय केलं, तर फोनवर प्रश्नमंजुषा सुरू केली. रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर पाच प्रश्न. नाम ओळखा, काळ ओळखा, लिंग बदला. खाली चार पर्याय. बोट ठेवलं की बरोबर का चूक ते तिथल्या तिथं कळतं. पहिला आठवडा कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, पाचव्या दिवशी उतरेल.

बाईंना कारण लवकर सापडलं. प्रश्नातली वाक्यं त्या गाइडमधून घेत होत्या. गाइडमध्ये कायम रमेश पुस्तक वाचतो आणि सुरेश बागेत फिरतो. आमच्या वाडीत रमेश एकच आहे आणि त्याला पुस्तक वाचताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. बाग तर डोंगरकड्यातही नाही. मग बाईंनी पोरांनाच वाक्यं आणायला सांगितली. रोज सकाळी प्रार्थना झाली की ज्याच्याकडे वाक्य असेल त्यानं उभं राहून सांगायचं. नियम तीनच. वाक्य कालचं पाहिजे, खरं पाहिजे आणि ओळखीच्या माणसाचं पाहिजे.

त्या दिवसापासून गावाला वेड लागलं. "लिंबाजी आप्पांचा ट्रॅक्टर ओढ्यात फसला. या वाक्यातील नाम ओळखा." अशी मंजुषा आल्यावर कोण सोडवणार नाही? घराघरांत जेवण बाजूला ठेवून माणसं फोनभोवती बसायला लागली. पोरांपेक्षा म्हातारी माणसं जास्त. पारावर भांडणं व्हायला लागली की आमच्या घरचं वाक्य आठवडाभरात एकदाही का आलं नाही. ग्यानबाची बायको मंजुळाबाई तर एक दिवस डोक्यावर भला मोठा भोपळा घेऊन शाळेत आली.

"बाई, आमचं नाव काहून येत न्हाई? आमी काय गावात ऱ्हात न्हाई का?"

बाई हसल्या. भोपळा नको नको म्हणत ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिलाच प्रश्न होता: "मंजुळाबाईंनी बाईंना भोपळा दिला. या वाक्याचा काळ ओळखा." वाक्य कालचं होतं, खरं होतं आणि माणूस ओळखीचं होतं. मंजुळाबाई चार दिवस गावातून मान ताठ करून हिंडली.

ही मंजुळाबाई म्हणजे आमच्या शिवकन्येची आजी. शिवकन्येचा बाप शिवशंकर अर्धी मेंढरं घेऊन पैनगंगेच्या पलीकडं असतो, आई त्याच्याबरोबर. पोरगी इथं आजी-आजोबांजवळ. अंगानं काडी, बोलणं कमी, पण व्याकरणात असं डोकं की माझंही कधी कधी अडायचं आणि मी खोकला आल्याचं निमित्त करून वर्गाबाहेर जायचो. संध्याकाळी आजोबा मेंढरं घेऊन घरी आला की त्याच्या खिशातला फोन काढून ती पाचही प्रश्न सोडवायची. आजवर एक चुकला नव्हता. बाईंनी तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं होतं. आमच्या शाळेतून शिष्यवृत्तीत कोणी आलं नाही, ही गोष्ट मी वरच्या साहेबांना वर्षानुवर्षं शांतपणे सांगत आलो. या वर्षी बाई मला सांगत होत्या की सर, यंदा तुम्हाला ते वाक्य बदलावं लागेल. परीक्षा महिन्यावर आली होती.

आणि तेव्हाच हे घडलं.

हरभऱ्याला घाटे धरले होते. त्या दिवशी सकाळी पोरांनी नेहमीसारखी वाक्यं सांगितली. कोणाची सायकल पंक्चर झाली, कोणाच्या आईनं हळद वाळत घातली. मी तेव्हा व्हरांड्यात खिचडीचे तांदूळ मोजून देत होतो, माझं लक्ष नव्हतं. बाईंनी त्यातली पाच निवडली आणि संध्याकाळी डोंगरकड्याला जाऊन ग्रुपवर टाकली. तिसरा प्रश्न असा होता: "ग्यानबा आबांच्या मेंढ्या लिंबाजी आप्पांच्या हरभऱ्यात शिरल्या. या वाक्यातील क्रियापद ओळखा."

बाई शहरात वाढलेल्या. मेंढ्या हरभऱ्यात शिरल्या हे त्यांना ट्रॅक्टर ओढ्यात फसल्यासारखंच वाटलं. गावाला माहीत असलेली, हसून सोडायची गोष्ट. त्यांना हे ठाऊक नव्हतं की त्याच दुपारी लिंबाजीनं आपलं रान पाहिलं होतं. ओढ्याकडच्या अंगाला हरभरा बुडख्यापर्यंत खाल्लेला आणि मातीत मेंढरांच्या खुरांचे ठसे. लिंबाजी तिथून तडक ग्यानबाची मेंढरं बसतात त्या आखरावर गेला होता. चार माणसांदेखत विचारलं, आणि ग्यानबानं सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. बाहेरगावचा कळप त्या वाटेनं गेला, त्याला जाऊन विचार, असं वर म्हणाला होता.

ग्यानबा तसा खोटा माणूस नाही. पण लिंबाजीनं मागच्याच वर्षी सर्वांसमोर बजावलं होतं, पुन्हा एकदा मेंढरू पिकात दिसलं की उन्हाळ्यात या गावात कोणाच्याच रानात तुझ्या मेंढ्या बसू देणार नाही. आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी खतासाठी रात्री रानात मेंढ्या बसवून घेतात आणि बदल्यात दाणे देतात. ग्यानबाच्या घरची वर्षाची ज्वारी त्यातून येते. तेव्हा तो नाही म्हणाला यात मला नवल वाटत नाही. भूक लागलेल्या पोटापुढं कोणाचंही तोंड थोडं वाकडं बोलतं.

संध्याकाळी लिंबाजीची सून कोमल आपल्या पोराला घेऊन मंजुषा सोडवत बसली होती. तिनं तिसरा प्रश्न मोठ्यानं वाचला. बाजेवर पडलेला लिंबाजी उठून बसला आणि म्हणाला, परत वाच.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचलो तर लिंबाजी माझ्या आधी फाटकात उभा. हातात सुनेचा फोन. हा माणूस आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, त्यामुळे त्याला बस म्हणावं तरी पंचाईत आणि जा म्हणावं तरी पंचाईत.

"गुरुजी, हे लेखी हाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुमच्या शाळेनं लिहून धाडलं. मला फकस्त इतकं सांगा, हे बाईला कोनी सांगितलं? ज्यानं सांगितलं त्यानं पाहिलं असंल. त्याला उभा करा, माझं काम झालं."

मागून बाई आल्या. लिंबाजीनं फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं, आणि आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात येताना मी पाहिलं. "मी... मला आठवून सांगावं लागेल आप्पा," एवढंच त्या बोलल्या.

"आठवा. दुपारी शाळा सुटल्यावर मानसं घेऊन येतो. ग्यानबालाबी बोलावतो. गावासमोर सांगा," असं म्हणून तो निघून गेला.

ऑफिसात आल्यावर मी दार लोटून घेतलं. "बाई, वाक्य कोणी दिलं?"

"शिवकन्येनं. ती सगळ्यांसमोर बोलत नाही, प्रार्थना झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच सांगते."

मी कपाळाला हात लावला. दुसरं कोणतंही पोर असतं तर चाललं असतं. ती परवा भल्या पहाटे आजोबाबरोबर गेली होती, मेंढ्या शिरल्या, तिनं हाकलल्या, आणि काल शाळेत येऊन जे झालं ते सांगितलं. कालचं, खरं आणि ओळखीच्या माणसाचं. तिनं तिच्या बाजूनं नियम पाळला होता.

त्या दिवशी शिवकन्या शाळेत आली नव्हती. पहिला तास संपायच्या आत तिची आजी आली. या वेळी डोक्यावर काही नव्हतं. मंजुळाबाई ऑफिसच्या दारातून आत आलीच नाही, चौकटीला धरून उभी राहिली.

"बाई, पोरीचं नाव घिऊ नका," ती म्हणाली. "आमच्या मानसाला शक आला हाय, पन पक्कं न्हाई. रातभर बोलून राहिला की घरातलं कोनी बाहेर काढलं असंल तर तिची शाळा आजच संपली. शिवशंकर परवा येऊन राहिला. त्याच्यासंगं पाठवून देतो म्हनतो मेंढरामागं. एकदा गेली की मंग ती न्हाई येत बाई. मला ठाव हाय. मी बी अशीच गेले व्हते."

"ती काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"ती काय म्हनंल? गप हाय. परीक्षेचं पुस्तक पोत्याखाली दपवून ठिवलंय तिनं."

म्हातारी गेली. बाई खुर्चीत बसून राहिल्या. वर्गातली पोरं आपोआप गप्प झाली होती; पोरांना सगळं आधी कळतं.

मी माझ्या अनुभवाचं शहाणपण त्यांच्यापुढं मांडलं. म्हटलं, सोपं आहे. वाक्य मी मनानं रचलं असं सांगा. चूक झाली म्हणा, माफी मागा, आणि ही मंजुषा बंद करा. पोरगी वाचेल, ग्यानबा वाचेल, तुमची नोकरी अजून कच्ची आहे तीही वाचेल. लिंबाजीचा हरभरा काही परत उगवणार नाही.

"पण सर, मी पोरांना रोज सांगते की खरंच पाहिजे."

"बाई, खोट्या वाक्यालाही क्रियापद असतं," मी म्हणालो. "मुलांना तेवढं ओळखता आलं की आपलं काम झालं."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला उगाच फाइल उघडावी लागली. पण थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सांगते तसं. तिची शाळा सुटायला नको."

दुपारी शाळा सुटली. पोरांना घरी जा म्हटलं, तर ती कंपाउंडच्या भिंतीवर चढून ओळीनं बसली. व्हरांड्यात सतरंजी टाकली. लिंबाजी आला, त्याच्यामागं गावातली दहा-पंधरा माणसं. मग ग्यानबा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कोणाकडं न पाहता एका कोपऱ्यात टेकला. मंजुळाबाई खांबाजवळ उभी राहिली आणि तिच्या पदराला धरून शिवकन्या. पोरीला घरी एकटीला ठेवायची ग्यानबाची तयारी नव्हती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र तिला पाहून बाईंचा हात साडीच्या पदराशी चाळा करायला लागला.

लिंबाजीच्या हातात पितळेची वाटी होती, वर रुमाल झाकलेला. मी तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही.

"सांगा बाई," तो म्हणाला.

बाई उभ्या राहिल्या. वर्गात बोलतात त्याच आवाजात बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आवाज वर्गातला नव्हता. "ते वाक्य मला कोणी सांगितलं नाही. मी मनानं रचलं. तुमच्या दोघांची नावं घालायला नको होती. माझी चूक झाली."

माणसांत कुजबुज झाली. ग्यानबानं पहिल्यांदा मान वर केली. मी सुटलो असं मला वाटलं, आणि मी चहा सांगायला शिपाई नाही म्हणून स्वतःच उठत होतो.

"बाई, तुमच्या प्रश्नांत आजपातूर एकबी खोटी गोष्ट आली न्हाई," लिंबाजी म्हणाला. "माह्या सुनेची कढी नासली ते आलं. माह्या ट्रॅक्टरचं आलं, समदं गाव हसलं, मी काही म्हनलं का? खरं व्हतं म्हनून न्हाई म्हनलं. मंग नेमकं हेच कसं खोटं?"

बाई खाली पाहत राहिल्या.

"बरं," तो म्हणाला. "बाईचा शब्द मी मानतो. त्या शिकल्या-सवरलेल्या हायेत, त्यायचा मान हाय. आता ग्यानबा, तू बी सांग. पन तोंडानं न्हाई." त्यानं वाटीवरचा रुमाल काढला. वाटीत खंडोबाच्या देवळातला भंडारा होता आणि त्यावर बेलाचं पान. "उचल. तुह्या मेंढ्या न्हाई शिरल्या म्हन, मी हितून उठतो. पुन्हा नाव काढनार न्हाई."

माझं डोकं फिरलं. शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीवर पंचवीस पोरं बसलेली, आणि हा बेलभंडारा उचलायला लावतोय! "लिंबाजीराव, ही शाळा आहे, देऊळ नाही," मी म्हणालो. "हे असले प्रकार इथं चालणार नाहीत."

"गुरुजी, शाळेतूनच निघालंय," तो म्हणाला.

सगळे ग्यानबाकडं पाहत होते. आता मागं हटला तर चोर ठरतो. आणि उचलला तर? आमच्याकडच्या माणसाला कोर्टातल्या शपथेचं काही वाटत नाही, पण भंडाऱ्याचं वाटतं. मेंढरांच्या रोगराईपासून घरातल्या लेकरापर्यंत सगळं त्या चिमूटभर पिवळ्या पुडीवर टांगलेलं असतं. ग्यानबा उठला. काठी खाली ठेवली. सतरंजीच्या मधोमध येऊन उकिडवा बसला. तळहात धोतराला पुसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, थंडीच्या दिवसांत. हात पुढं केला, आणि बोटं वाटीच्या वर थांबली.

बाईंच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या आता खरं सांगणार हे मला कळलं, आणि सांगितलं तर पोरगी जाणार हेही कळलं. त्या दोन्हीच्या मध्ये उभ्या होत्या.

"आबा, नगं."

शिवकन्या पदर सोडून पुढं आली होती. "आबा, उचलू नका. तुमाला काही व्हईल." मग ती वळली आणि आजोबाकडं नाही, लिंबाजीकडं नाही, बाईंकडं पाहून बोलली. "बाई, ते वाक्य तुमी रचलं न्हाई. मी दिलं व्हतं. मेंढ्या घाटे खाऊन राहिल्या व्हत्या, मीच हाकलल्या. तुमी म्हनलं व्हतं ना, खरं पाहिजे?"

त्या पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखर विचारायचं होतं. नियम बदलला का, आणि बदलला असेल तर तिला कोणी सांगितलं का नाही. इतकी वर्षं शाळेत काढली, पण एवढा अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि नशीब की तो मला विचारलेला नव्हता.

ग्यानबाचा हात तसाच वाटीवर राहिला. मग त्यानं तो मागं घेतला. काठी उचलली, घोंगडी सावरली, नातीच्या मनगटाला धरलं आणि फाटकातून बाहेर गेला. मंजुळाबाई जवळजवळ पळतच त्यांच्यामागं गेली.

लिंबाजीला हवं ते मिळालं होतं. पण त्यानं भरपाई मागितली नाही की कोणाकडं पाहून हसला नाही. वाटीवर रुमाल झाकला, पाय सोडून बसला, आणि म्हणाला, "पोरगी कितवीला हाय?"

"पाचवीला," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मंजुषा आली नाही. कोणी विचारलंही नाही. मी घरी गेलो, जेवलो, आणि बायकोवर विनाकारण चिडलो. मला राग कोणाचा आला होता ते मला ठरवता येईना. लिंबाजीचा म्हणावा तर त्याचं नुकसान झालेलं. ग्यानबाचा म्हणावा तर त्याचं पोट. बाईंचा म्हणावा तर त्यांना सल्ला मीच दिलेला. शेवटी फोनचा राग काढला आणि तो बंद करून झोपलो.

सकाळी शाळेत गेलो. प्रार्थनेला पोरं उभी राहिली. मुलींच्या ओळीत एक जागा मोकळी होती; पोरींनी ती भरून काढली नव्हती, तेवढं अंतर सोडूनच उभ्या राहिल्या होत्या. बाईंचे डोळे सुजलेले. प्रार्थना झाली. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "आजचं वाक्य कोण सांगतंय?"

कोणी हात वर केला नाही. ज्या पोरांना गप्प करायला मला छडी आपटावी लागते ती पोरं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. बाईंनी पुन्हा विचारलं. लिंबाजीचा नातू मान खाली घालून हळूच म्हणाला, "बाई, आमच्याकडं काल काही झालं न्हाई." दुसरा म्हणाला, आमच्याकडंही नाही. एका दिवसात अख्ख्या गावात काहीच झालं नव्हतं. मला वाटलं, संपलं. ही मंजुषा संपली, आणि ती पोरगीही आता नदीपार जाईल. मला ती मंजुषा कधीच आवडली नव्हती, आणि तरी मला वाईट वाटलं.

पोरं वर्गात बसली. बाई फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत होत्या. तेवढ्यात फाटक वाजलं.

ग्यानबा येत होता. पुढं काठी, मागं शिवकन्या, खांद्यावर दप्तर. तो वर्गाच्या दाराशी आला, वहाणा बाहेर काढल्या, आणि उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून उभा राहिला. इतकी वर्षं मी या शाळेत आहे. हा माणूस फाटकाच्या आत आलेला मी काल पाहिला आणि वर्गाच्या आत आज.

"उशीर झाला," तो म्हणाला. "लिंबाजीकडं गेलतो. पीक निघालं की त्याच्या रानात मेंढ्या बसवतो म्हनलं, दाना न घेता. तो काही बोलला न्हाई. च्या पाजला." मग काठी दुसऱ्या हातात घेतली. "शिवशंकरला बी फोन लावला. म्हनलं, पोरीला न्यायला यिऊ नको."

बाईंनी नुसती मान हलवली.

"बाई, तुमचं आजचं वाक्य घ्यायचं झालं का?"

"नाही आबा. आज कोणी दिलं नाही."

"मंग माह्यं घ्या. लिहा." त्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "ग्यानबा खोटं बोलला."

बाई म्हणाल्या, "आबा, असं कसं लिहू? राहू द्या."

"लिहा. ग्यानबा आबा बी नगं, नुसतं ग्यानबा लिहा. लेकराचं वाक्य लिहिता, माह्यं काहून न्हाई?"

बाई फळ्याकडं वळल्या आणि त्यांनी लिहिलं. मोठ्या, नीट अक्षरात, पोरांसाठी लिहितात तसं. लिहून झालं तरी त्या वळल्या नाहीत. खडू फळ्याला टेकलेलाच होता. मग त्याच्या खाली त्यांनी दुसरी ओळ लिहिली: "मोहिनीबाई खोटं बोलल्या." आणि मग पोरांकडं तोंड केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

मी दाराबाहेर उभा होतो. मुख्याध्यापक म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. कोणी साहेब आला आणि त्यानं फळा पाहिला तर काय सांगायचं, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला. पण मी दाराबाहेरच थांबलो.

शिवकन्या अजून उभीच होती. ती फळ्यावरची दुसरी ओळ वाचत होती, ओठ हलवत, परीक्षेतला प्रश्न वाचतात तशी. मग तिनं बोटांवर मोजलं.

"कालचं हाय," ती म्हणाली. "खरं हाय. वळखीच्या मानसाचं हाय." आणि बाईंकडं पाहून मान हलवली. "चालतंय बाई."

मग ती जाऊन आपल्या जागेवर बसली आणि दप्तरातून पुस्तक काढलं. त्याच्या कोपऱ्यांना पोत्याचे धागे चिकटलेले होते.